सुरगाण्यात पाऊल

भागीबाई वाकली आणि चपला काढून ठेवूनच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढली. शिपाई नको नको म्हणत होता, पण देवळात काय अन् कोर्टात काय, तिची रीत एकच. समोर आरोपी म्हणून उभ्या सहादूकडे पाहून ती ओळखीचं हसली.

जामीन देताना त्याला बजावलं होतं, निकाल लागेपर्यंत सुरगाणा तालुक्यात पाऊल टाकायचं नाही आणि साक्षीदारांना भेटायचं नाही. द्राक्षाच्या कामाला निघालेल्या मजुरांना घेऊन तो चालवत असलेली जीप घाटात उलटली, तेव्हा भागीबाई आत होती आणि तिचा नवरा जयराम टपावर. जयराम जागीच गेला. "बस वर, काय होत नाय," असं त्याला सहादूच म्हणाला होता. कोणी ऐकलं नाही असं त्याला वाटत होतं, पण तालुक्याबाहेर एकलहऱ्याला बहिणीकडे राहताना ते शब्द सहादूला खात राहिले. शेवटी आषाढात तो सुरगाण्यातल्या भागीबाईच्या दारात जाऊन उभा राहिला. कुणीतरी ते पाहिलं, आणि जामीन रद्द करायचा अर्ज आला.

"पुरावा नाही. गेलोच नाही म्हणायचं," त्याच्या ज्योत्स्ना वकीलबाईंनी सकाळी त्याला पढवलं होतं.

न्यायाधीशांनी भागीबाईला विचारलं, "हा तुमच्याकडे आला होता?"

"आला व्हता ना. तीन दिस राहिला. घरात गडीमाणूस नाय माझ्या, भाताची रोपं लावायची समदी आवणी यानं करून दिली. चांगला माणूस हाय साहेब, सोडा त्याला."

ज्योत्स्नाबाई झटकन उठल्या. बाई अडाणी आहे, घाबरली आहे, तिचा माणसांचा घोळ होतोय, माझा अशील तिकडे फिरकलाच नाही, असं त्या घडाघडा बोलल्या. भागीबाईचं तोंड उतरलं. आपल्याला खोटं पाडताहेत, एवढं तिला कळलं.

"गेला होतास?" न्यायाधीशांनी सहादूला विचारलं.

नाही म्हटलं की सुटका होती. वकीलबाई त्याच्याकडे रोखून पाहत होत्या. सहादूला चिखलात वाकलेले ते दिवस आठवले. भागीबाई नागलीची भाकर वाढायची, भाऊ म्हणायची, आणि तो भाकर घाईनं संपवून पुन्हा शेतात उतरायचा.

"गेलो व्हतो साहेब. वहिनी खरं बोलतात." तो भागीबाईकडे वळला. "जयरामला टपावर म्या बसवलं, ते सांगायला गेलो व्हतो. तोंडातून निघालं नाय."

वकीलबाई मटकन खाली बसल्या. जामीन रद्द व्हायला मग फार वेळ लागला नाही.

पोलीस त्याला बाहेर नेऊ लागला, तेव्हा भागीबाई दाराशी उभी होती. सहादूची मान वर होईना.

"म्या जीपच्या आतून ऐकलं व्हतं, तू त्यांना वर बस म्हणालास ते," ती हळूच म्हणाली. "तीन दिस वाट पायली, तू सांगशील म्हणून."