एक विडा उरला

मित्रांनो, मी एक जुनं पितळी तबक आहे. माझ्या काठावरचा पोचा बघून नाक मुरडू नका. तो कसा पडला ते आधी ऐका.

मुंबईच्या तांबाकाटा बाजारातल्या कासाराने मला घडवलं आणि मी वरळी कोळीवाड्याच्या पाटलाघरी आलं. गावसभेत माझ्यावर तीन आळ्यांचे तीन विडे मांडत. तिन्ही उचलले गेले की गावाचा शब्द पक्का. एक जरी उरला, तर काहीच ठरलं नाही. केवढा माझा मान! लोक आधी मला नमस्कार करत, मग पाटलाला.

प्लेगच्या आदल्या वर्षी, पावसाळा तोंडावर आलेला असताना, दमणच्या फिरंग्यांनी आमच्या रघूची होडी धरली आणि त्याला तुरुंगात टाकलं. त्यांच्या पाण्यात आमच्या गावाने जाळ्यांचे खुंट रोवले होते. तिथल्या कप्तानाचा गुपचूप निरोप आला, "खुंट काढा, माणूस न्या. पण शब्द अख्ख्या गावाचा हवा, आणि लवकर. गोव्याच्या गव्हर्नरला कळलं तर माझ्या हातात काही उरणार नाही."

सोपं होतं. पण सोपं ते सोपं ठेवतील तर ती आपली माणसं कसली!

खालच्या आळीचा उत्तम म्हणाला, "खुंट आमचे. वरची आळी जाळ्यांसाठी आपली दर्यातली जागा देत असंल तर काढतो." जयवंत पाटलाने वरच्या आळीच्या हातापाया पडून जागा मिळवली. उत्तमने विडा उचलला, वरच्या आळीनेही उचलला. मधल्या आळीचे अप्पा मात्र ढिम्म.

"शिमग्याला होळीचा पहिला नारळ मला दिला नाय. आता दमणला होडीत पुढं मी बसणार."

पाटलाने तेही कबूल केलं. तर उत्तमने उचललेला विडा परत माझ्यावर आपटला. "अप्पा पुढं? नि आम्ही काय वल्ही मारायला?"

रघूची बायको शेवंता दारातून ओरडली, "माझा दादला तिथं कैदेत हाय, नि तुम्ही इथं बसायच्या जागा वाटताय?"

अप्पा सुपारी कातरत म्हणाले, "गप गो. रघू काय पळून जातोय?"

कप्तानाचा पुन्हा निरोप आला, "मी बोलू कोणाशी, तेवढं तरी ठरवा." पुन्हा सभा, पुन्हा मनधरणी. शेवटचा विडा उचलला गेला तेव्हा दर्या खवळला होता आणि होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या होत्या.

नारळी पुनवेनंतर मंडळी थाटात निघाली. अप्पा पुढे. गावाचं एकमत घेऊन गेली आणि रघूची टोपी घेऊन परत आली. भर पावसात तुरुंगातल्या तापाने तो गेला होता.

आणि मग काय केलं माहीत आहे? चूक कोणाची, ते ठरवायला सभा बसवली! माझ्यावर पुन्हा तीन विडे!

शेवंता आत आली. तिने मला उचललं आणि जोत्याच्या दगडावर आपटलं. विडे मातीत गेले.

"अप्पा, आता बसा निवांत," ती म्हणाली. "आता तो खरंच नाय पळून जात."

मित्रांनो, मला चिंच लावून खुशाल घासा. पण हा पोचा ठोकून सरळ करू नका. उद्या मानपानासाठी कोणी विड्यावरून हात मागे घेतला, तर मला त्याच्या पुढ्यात ठेवा. पोचा त्याच्याकडे करून.