खाच नसलेलं मशीन

मी एक गेमची डिस्क. तळहाताएवढी, मधोमध भोक, एका अंगाला आरसा, दुसऱ्या अंगाला होडीचं चित्र. रागाच्या भरात माणसानं बोलू नये म्हणतात. मी माणूस नाही, तेव्हा बोलते.

माझा जन्म झाला तो डोळ्याचं पातं लवायच्या आत. वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात पडलं, वरून दाब बसला, चकाकी चढली आणि झाले मी. माझ्या पोटात एक नदी आहे, सहा घाट आहेत आणि एक नावाडी आहे. उतारूंना होडीत बसवायचं आणि प्रवाह सांभाळत पलीकडे न्यायचं, एवढाच खेळ. मारामारी नाही, धावपळ नाही. त्यामुळे दुकानात मला कुणी विचारत नव्हतं.

दुकान तळघरात होतं, घड्याळ दुरुस्तीवाल्याच्या शेजारी. आमचा दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकाला दोनच प्रश्न विचारी, "घरी गेमचं मशीन कुठलं? आणि खेळणार कोण?" एवढ्यावरून तो बरोबर खोकं काढून देई. पण लोकांची तऱ्हा बघा. अर्धा तास त्याचं डोकं खायचं, आम्हांला उलटंपालटं करून बघायचं, खोक्याचा फोटो काढायचा आणि घरी जाऊन पलंगावर पडल्या पडल्या तोच खेळ डाउनलोड करायचा. सल्ला फुकटचा आणि खरेदी भलतीकडे. दुकानदार खोकी पुन्हा फळीवर लावायचा. मला मात्र खोक्यात बसल्या बसल्या मुंग्या यायच्या.

मग एक दिवस एक मुलगी आली. दातांच्या दवाखान्यात पेशंटच्या वेळा लिहून घ्यायचं काम करायची.

"खेळणार कोण?" दुकानदारानं विचारलं.

"आई. तिचा डावा हात गेलाय. म्हणजे आहे, पण ऐकत नाही. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, अंगठा हलता राहील असं काहीतरी द्या."

दुकानदारानं जरा विचार केला आणि सगळ्यांत खालच्या फळीवरून मला काढलं. "हा घ्या. यात घाई नाही. चुकलं तरी कुणी ओरडत नाही."

तेवढ्यात तिच्या धाकट्या भावाचा फोन आला. तो दूर नोकरीला होता, कंप्युटरच्या कंपनीत. "ताई, अगं डिस्क कोण घेतं आता? हरवते, ओरखडे पडतात. मी इथून पाठवतो ना विकत घेऊन, पाच मिनिटांत."

"आईला हातात काहीतरी द्यायचंय मला," ती म्हणाली आणि मला पिशवीत टाकलं.

आई शिवणकाम करणारी. काज आणि बटणं तिच्यासारखी कुणी करत नव्हतं म्हणे. अर्धांगाचा झटका आल्यापासून शिलाई मशीनवर चादर टाकलेली होती आणि आई खुर्चीत बसून त्या चादरीकडे बघत असे. मी पहिल्यांदा धाकट्याच्या जुन्या गेमच्या मशीनमध्ये गेले तेव्हा पडद्यावर 'अपडेट' असं काहीतरी आलं आणि दुपारभर चक्र फिरत राहिलं. मला वाटलं, असेल काही रीतभात. मी लक्ष दिलं नाही.

पहिला महिना आईनं होडी फक्त बुडवली. डाव्या अंगठ्यानं होडी वळवायची होती आणि अंगठा म्हणजे रुसलेला जावई. पण बाईला बोलायला कुणीतरी मिळालं. पडद्यावरच्या उतारूंना ती सांगायची, "बसा हो सावकाश. मी नवीन आहे, सांभाळून घ्या." होडी बुडाली की म्हणायची, "काही नाही, कपडेच भिजलेत." लेक स्वयंपाकघरातून हसायची. चौथ्या महिन्यात आई तिसऱ्या घाटाला लागली. सातव्या महिन्यात तिनं शर्टाचं बटण एकटीनं लावलं, मग काढलं आणि पुन्हा लावलं. ते बघून लेक बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहिली.

असं सगळं सुरळीत चालू असताना धाकटा सुटीवर आला आणि आईसाठी गेमचं नवं मशीन घेऊन आला. प्रेमानंच आणलं, त्यात खोट नाही. पांढरंशुभ्र, सडपातळ. मला वाटलं, चला, नवं घर. पण त्याला खाचच नव्हती. डिस्क घालायची जागाच नाही. पुढून बघितलं, मागून बघितलं. जेवायला बोलावून ताटच न मांडावं, तसं झालं माझं.

"खाचेची गरजच नाही, आई," धाकटा म्हणाला. "माझ्या अकाउंटवर खेळ घेऊन टाकलाय. कायमचा."

जुनं मशीन त्यानं कुणालातरी देऊन टाकलं आणि मी ड्रॉवरमध्ये गेले, कात्र्या आणि टेपच्या शेजारी. 'कायमचा' हा शब्द मी तिथं पडून पुष्कळ दिवस चघळला.

तो कायमपणा आठ महिने टिकला. धाकट्यानं नोकरी बदलली, देश बदलला, फोनचा नंबर बदलला. एके सकाळी मशीननं विचारलं, हे खातं तुमचंच कशावरून? खात्री करायचा आकडा जुन्या नंबरवर गेला आणि तो नंबर बंद झालेला. धाकट्यानं गेमच्या कंपनीला सतरा पत्रं लिहिली. दर वेळी तेच उत्तर यायचं, आपला संदेश आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. शेवटी लेकीनं स्वतःचं खातं उघडून खेळ पुन्हा घ्यायचं ठरवलं, तर तोवर कंपनीनं तो खेळच विक्रीतून काढून टाकलेला.

"दुसरा कुठला घेऊ या का?" धाकट्यानं फोनवर विचारलं.

"नको रे," आई म्हणाली. "आता नवीन नदी शिकायचं बळ नाही माझ्यात."

दीड महिना तिचा हात मांडीवर पडून राहिला. बोटं पुन्हा आत वळायला लागली. मी हाताच्या अंतरावर होते. ओरडून सांगावं तर डिस्कला आवाज नसतो. पुढे एकदा लेक कात्री शोधत होती, तेव्हा तिला मी सापडले. ती तशीच पायांत चपला सरकवून मला घेऊन दुकानात निघाली.

दुकानात आता मोबाइलची कव्हरं टांगलेली होती. गेमच्या फळीवर चार खोकी उरली होती आणि दारावर 'जागा भाड्याने देणे आहे' अशी पाटी होती. लेकीनं सगळं सांगितलं. दुकानदार आतून खाच असलेलं, जुन्या जातीचं एक मशीन घेऊन आला. लोकांना खेळ दाखवायला तो तेच वापरायचा.

"न्या. महिनाअखेरीला मी दुकान बंद करतोय, इथं धूळच खाईल."

घरी लेकीनं मला आत घातलं. मी जिवाच्या आकांतानं फिरले. नदी आली, होडी आली. आई सावरून बसली. पहिला घाट पार झाला, दुसराही. तिसऱ्याला होडी जागच्या जागी थांबली. आईनं पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. लेकीनं धाकट्याला फोन लावला. त्यानं तासभर शोधाशोध करून सांगितलं, "ताई, डिस्कवर खेळ अर्धवटच दिलेला होता. पुढचे घाट नेटवरून यायचे, पहिल्याच दिवशीच्या अपडेटमध्ये. आता कंपनीनं तेही बंद केलंय."

तेव्हा मला माझी खरी गोष्ट कळली. ज्या डाउनलोडला मी इतकी वर्षं शिव्या घातल्या, त्याच्याच उसन्या पायांवर मी चालत होते. खोक्यावर सहा घाटांचं चित्र छापून मला दोन घाट देऊन बाजारात पाठवलं होतं. लाज वाटली आणि संतापही आला.

धाकट्यानं आईकडे फोन द्यायला सांगितलं. मग म्हणाला, "आई, माझं चुकलं गं. ते जुनं मशीन देऊन टाकायला नको होतं."

"तुला तरी काय माहीत?" आई म्हणाली. "दोन घाट तर दोन घाट. माणसं तेवढ्यातही पलीकडे जातात."

तेव्हापासून ती रोज त्याच दोन घाटांवर होडी हाकते आणि तिसऱ्यापाशी मशीन बंद करते. बोटं पुन्हा सैल होत आहेत, पण आधीएवढी नाहीत.

तुम्ही दुकानात जा नाहीतर घरबसल्या उतरवून घ्या, माझं त्यावर भांडण उरलेलं नाही. पैसे पुढे करण्याआधी विकणाऱ्याला एवढंच विचारा, हे पूर्ण आहे का, आणि उद्याही माझंच राहील का. उत्तर द्यायला तो अडखळला, तर हात मागे घ्या.

काल आईनं लेकीला हाक मारली नाही. ती स्वतः उठली, बटण दाबलं आणि मी बाहेर आले तेव्हा मला डाव्या हातानं उचललं. दोनदा निसटले. तिसऱ्यांदा तिनं घट्ट धरलं. माझ्या आरशावर तिच्या अंगठ्याचा ठसा उमटलाय. डिस्कवर ठसा नको म्हणतात, खेळ अडखळतो. अडखळू दे.