भट्टीवरचं बी

धाकटीनं बशीतल्या पाण्यात चिमूटभर सब्जा टाकला आणि टेबलावर कोपरं टेकून बघत बसली. जरा वेळानं काळ्या दाण्यांभोवती पांढरट, बुळबुळीत वेष्टन चढायला लागलं आणि एकेक दाणा टम्म फुगला. बी दिसायला तर झकास होतं. मग कुंडीत गेल्यावर त्याला काय धाड भरत होती, ते कळायला मार्ग नव्हता.

"पुन्हा पोहायला सोडलंस?" नवऱ्यानं आरशासमोर दाढी करता करता विचारलं.

धाकटीनं खिडकीकडे पाहिलं. खिडकीत कुंड्या ओळीनं मांडलेल्या होत्या आणि त्यांत माती होती. मातीशिवाय त्यांत काही नव्हतं.

तिनं कसूर म्हणून ठेवली नव्हती. माती चाळून घेतली होती. सब्ज्याला उजेड लागतो म्हणून बी पुरलं नव्हतं, नुसतं वर भुरभुरलं होतं आणि त्यावर मातीची नावाला धूळ टाकली होती. धारेनं बी वाहून जाऊ नये म्हणून इस्त्रीच्या फवाऱ्यानं पाणी मारलं होतं. ऊब धरावी म्हणून कुंड्यांना प्लास्टिकच्या पिशव्यांच्या टोप्या घातल्या होत्या. पिशव्यांना आतून घाम तेवढा आला, बाकी काही आलं नाही.

बी दिलं होतं थोरल्या जाऊबाईंनी. या बेकरीवाल्या घरात दोघी जावा कितीतरी वर्षं एका छपराखाली नांदल्या. पुढं दुकान, मागं भट्टी आणि भट्टीच्या मागं राहायच्या खोल्या. मागच्या खिडकीत तेलाच्या मोठ्या डब्यात थोरलीचा सब्जा असायचा. त्याचा पाला पावात पडायचा, आणि पीठ व आच खाऊन थोरल्या दिरांचा घसा बसला की त्याचाच काढा व्हायचा. पाला कुणीही खुडावा, त्याला आडकाठी नव्हती. पेरायचं मात्र थोरलीनंच. दरवर्षी जुनं झाड वठलं की ती स्वच्छ हात धुऊन, कुणाशी न बोलता बी टाकायची, आणि झाड उगवलं की महिनाभर सगळ्यांना ऐकवायची, "हात लागतो त्याला."

तो हात धाकटीला नाही, हे थोरलीनं केव्हाच ठरवून टाकलं होतं. त्यामुळे धाकटीच्या वाट्याला ट्रे घासणं आणि गल्ला सांभाळणं आलं. पिठाला तिनं हात लावला की थोरली परातच ओढून घ्यायची. नवऱ्याला शहराच्या दुसऱ्या टोकाला लिफ्ट दुरुस्तीची नोकरी लागली आणि धाकटीनं वेगळं बिऱ्हाड मांडलं, तेव्हा निघताना तिनं बी मागितलं. थोरलीनं कागदाच्या पुडीत बी बांधून दिलं आणि म्हणाली, "बघ, येतंय का." त्यातलं ते 'बघ' धाकटीच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं होतं.

पुडी संपली की ती दोन बस बदलून बेकरीत जायची. थोरली गल्ल्यामागूनच विचारायची, "नाही ना आलं? मला वाटलंच होतं." मग खुर्ची पुढं यायची, चहा यायचा, गल्लीतल्या सगळ्या बातम्या व्हायच्या, बोलता बोलता धाकटी सवयीनं चार ट्रेही घासून टाकायची आणि निघेपर्यंत दिवे लागलेले असायचे. येताना ती बसमध्ये नवी पुडी मुठीत धरून धुमसत असायची.

"तुला एक सांगू?" ती आज नवऱ्याला म्हणाली. "ताई मुद्दाम वाईट बी देतात. आपण वेगळे झालो ना, त्याचा राग."

"वहिनी तोंडानं फटकळ आहे," नवरा म्हणाला. "पण बियांत खोट नाही करायची ती."

"मग खोट माझ्यात आहे का?"

नवऱ्याचा वस्तरा गालावरच थांबला. बायकोचे डोळे भरलेले त्याला आरशात दिसले. लिफ्ट बिघडली असती तर त्याला काय करायचं ते ठाऊक असतं. त्यानं फक्त फुगलेल्या बियांची बशी तिच्यापुढं सरकवली आणि म्हणाला, "आज जाऊन समोरासमोर विचार."

ती गेली. दुकानात गर्दी होती, थोरलीला मान वर करायला फुरसत नव्हती. म्हणून धाकटी आत भट्टीकडे वळली. थोरले दीर, ज्यांना ती दादा म्हणायची, पिठाचे गोळे करत होते. बोलणं त्यांना मुळातच जड जायचं. बायको दोघांपुरतं बोलत असल्यामुळे त्यांचं काही अडलंही नव्हतं.

भट्टीच्या माथ्यावरच्या फळीवर नेहमीचं प्रदर्शन होतं. पुसायची फडकी, दादांचे मोजे, कुणाची तरी भिजलेली चप्पल. या घरात ओलं झालेलं सगळं तिथंच वाळायचं. त्यांच्या शेजारी एका ट्रेमध्ये सब्ज्याचे तुरे पसरले होते. धाकटीनं ट्रे खाली घ्यायला हात लावला आणि चटका बसून मागं घेतला. बोट तोंडात धरून तिनं त्या तुऱ्यांकडे पुन्हा पाहिलं.

"दादा, बी इथं वाळवतात?"

"सगळं तिथंच वाळतं," दादा म्हणाले.

"मग ते भाजून नाही निघत?"

दादांनी दुकानाच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "निघतं की. पाण्यात फुगतं, पण उगवत नाही."

"मग ताईंचं झाड दरवर्षी कसं येतं?"

दादांनी हातातला गोळा दोनदा विनाकारण वळला. मग त्यांनी तुकड्यातुकड्यानं सांगितलं ते असं. फार वर्षांपूर्वी एकदा झाड आलंच नाही, तेव्हा थोरली नीट जेवेनाशी झाली होती. नेमकं काय झालं ते दादांच्या लक्षात आलं, पण सांगायची हिंमत झाली नाही. तेव्हापासून फळीवर ठेवायला तुरे त्यांच्या हाती आले की ते आधी खिडकीतल्या तिच्या डब्यावर दोन झटके मारून थोडं कच्चं बी मातीत पाडून घेत. नंतर ती हात धुऊन आपलं बी पेरायची. झाड यायचं, घर सुखात असायचं.

"तिला बोलू नकोस," ते म्हणाले. "हात आहे म्हणते ना, असू दे."

एवढं बोलून त्यांना धाप लागल्यासारखं झालं. पिठाच्या पोत्यामागून त्यांनी एक पावाची पिशवी काढून तिच्या हातात दिली. तिच्यात कोरडे, पण भट्टी न पाहिलेले तुरे होते. केव्हापासून त्यांनी ते बाजूला काढून ठेवले होते कोण जाणे.

त्या दिवशी धाकटी बसमध्ये एकटीच हसत होती. शेजारच्या बाईंनी सरकून बसणं पसंत केलं.

बी पेरलं आणि आठवडा उलटायच्या आत एका सकाळी मातीवर हिरवे ठिपके दिसले. जवळ जाऊन पाहिलं तर प्रत्येकाला दोन दोन गोल पानं. तिनं नवऱ्याला अर्ध्या आंघोळीतून बाहेर बोलावलं. तोही टॉवेल गुंडाळून कुंड्यांपुढं वाकला आणि म्हणाला, "खोट सापडली?" धाकटी म्हणाली, "माझ्यात नव्हती." तिला इतका आनंद झाला होता की त्यानं फरशीभर केलेलं पाणीसुद्धा तिला दिसलं नाही.

रोपं वितीएवढी झाली तशी तिनं शेंडे खुडले. खुडलेली जुडी ओल्या फडक्यात गुंडाळून पर्समध्ये ठेवली आणि बेकरीची वाट धरली. दादांचं गुपित ती फोडणार नव्हती. जुडी गल्ल्यावर ठेवायची, गिऱ्हाइकांसमोर, आणि म्हणायचं, "आलं." दोन्ही बसमध्ये तिनं तो एक शब्द वेगवेगळ्या सुरांत घोळवून पाहिला.

दुकानात एक म्हाताऱ्या बाई गुडघे धरून उभ्या होत्या. गल्ल्याजवळ खुर्ची रिकामी होती. तिच्यावर धुतलेली उशी होती आणि बाजूच्या फळीवर बियांची पुडी बांधून तयार होती.

"या का तुमच्या जाऊबाई?" बाई थोरलीला म्हणाल्या. "बरं झालं आल्या. मघापासून मला त्या खुर्चीवर टेकू देत नाही तुम्ही."

थोरली उगाचच सुटी नाणी इकडची तिकडं करायला लागली. मग नेहमीच्या खणखणीत आवाजात तिनं विचारलं, "काय, आलं का?"

धाकटीचा हात पर्समध्ये होता. ओलं फडकं बोटांना लागत होतं. तिनं खुर्चीकडे पाहिलं, उशीकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "अजून थोडं बी द्या."

"मला वाटलंच होतं," थोरली म्हणाली आणि तिचा चेहरा असा उजळला की तिला तो लपवता येईना. बसवून घ्यायला तिनं धाकटीचा हात धरून ओढला आणि मध्येच थांबली. सब्ज्याचा वास साबणाला दाद देत नाही. थोरलीनं तो हात नाकाशी नेला. आत दादांचा गोळे थापण्याचा आवाज बंद पडला होता. धाकटी जमिनीकडे बघत राहिली.

थोरलीनं हात सोडला. आत तोंड करून दादांना तेवढं सांगितलं की जरा बाजूला व्हा, आज पीठ ही मळेल.

धाकटीनं मळलं. थोरली बाजूला उभी राहून सूचना करत होती, पण परात तिनं ओढली नाही. दिवे लागल्यावर धाकटी निघाली तेव्हा थोरलीनं पुडी सोडली, निम्म्याहून जास्त बी बरणीत परत ओतलं आणि उरलेलं बांधून तिच्या हातावर ठेवलं.

"एवढंसंच?" धाकटीनं विचारलं.

"एवढंच," थोरली म्हणाली. "लवकर संपायला हवं."