हात न लावता

गोरख फौजेतून नाईक म्हणून परतला आणि सूर्यमाळच्या पाड्यावर त्याला आपोआप बढती मिळाली. ज्याच्या त्याच्या तोंडी तो 'साहेब'. भांडण सोडवायला साहेब, फॉर्म भरायला साहेब, लग्नात पहिलं पान साहेबांचं. माणूसच तो, त्याला ते आवडायला लागलं.

मे महिन्यात विहिरीवरची मोटार नाहीशी झाली. पाणी आधीच तळाला गेलेलं, त्यात हे. आदल्या संध्याकाळी येसू विहिरीपाशी दिसला होता, एवढ्यावरून लोकांनी त्याला घरातून ओढून आणलं. येसू मजुरीवर जगणारा, घाबरला की बोबडी वळणारा. त्याच्या गप्प राहण्याचा लोकांनी हवा तो अर्थ लावला.

"साहेब, तुमीच याला बोलता करा."

गोरखला तिथेच नाही म्हणता आलं असतं. पलटणीत दोन वर्षं नव्या जवानांना त्यानं हाच धडा दिला होता. हाती आलेल्या माणसाला मारायचं नाही, तहानलेलं ठेवायचं नाही, उन्हात उभं करून छळायचं नाही. तो शत्रू असला तरी. कुणी चुकलं की पुन्हा पाठ करून घ्यायचा. पण आता चाळीस माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि नियम सांगणारा साहेब त्यांना नको होता.

"हात लावायचीसुद्धा गरज नाही," तो ऐटीत म्हणाला. त्यानं येसूला तापलेल्या कातळावर अनवाणी उभं केलं आणि डोक्यावर दोन्ही हातांनी दगड धरायला लावला. हात खाली आले की वेळ पुन्हा पहिल्यापासून. येसूनं दोनदा पाणी मागितलं. "आधी मोटार," गोरख म्हणाला. लोक हसले. त्यालाही हसू आलं, हे आता लपवून काय उपयोग!

दुपार कलताना येसू म्हणाला, "मीच घेतली." कुठे ठेवली? आधी ओहोळात म्हणाला, मग करवंदीच्या जाळीत. दोन्हीकडे काही नव्हतं. तेवढ्यात पाणी सोडणारा तुळशीदास मोटार घेऊन हजर झाला. ती जळाली म्हणून त्यानं मोखाड्याला दुरुस्तीला नेली होती, आणि कुणाला सांगायचं राहून गेलं होतं. लोक काढता पाय घेऊ लागले. येसूला त्याच्या बायकोनं, कमूनं, खांद्याचा आधार देऊन घरी नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोरख त्यांच्याकडे गेला. माफीचे शब्द त्यानं वाटेत जुळवले होते. पण त्याला पाहून येसूच धडपडत उठला. त्याच्या तळव्यांना फोड आले होते.

"साहेब, माफी करा. मी तुमच्याशी खोटा बोललो. मोटार मी घेतलीच नव्हती."

गोरखला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"एक विचारू? फौजेत असाच करतात का?" येसूच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

'हो' म्हटलं असतं तर सुटका होती. सगळं पलटणीच्या माथी मारून मोकळं होता आलं असतं.

"नाही," गोरख म्हणाला. "तिथं मनाई आहे. मीच शिकवायचो."

चुलीपाशी बसलेली कमू पहिल्यांदा बोलली. "मंग आमाला का केलास?"

साहेब नाही, काही नाही. सरळ विचारलं.

"तिथं माझ्यावर साहेब होते," तो खाली बघत म्हणाला. "इथं मीच साहेब झालो होतो."

कमूनं येसूचा पाय मांडीवर घेतला आणि ती फोडांना तेल लावू लागली. गोरखला कुणी बस म्हटलं नाही, आणि त्याला जाताही येईना.