हॉलचा ढाळ

शौनकला, म्हणजे माझ्या मुलाला, हॉलमध्ये लाकडी फ्लोअरिंग हवं होतं. घाल बाबा, मला काय! पण उल्हासनगरच्या दुकानातून आलेला धर्मराज फरशीवर पाणसळ ठेवून बसला आणि मान हलवायला लागला. हॉल बाल्कनीकडे उतरता होता. लॅमिनेटच्या पट्ट्या बसवायच्या तर खालचा पाया सपाट हवा, नाहीतर सांधे उघडतात. त्याने दोन उपाय सांगितले. जुनी फरशी फोडून नवा कोबा करायचा, ते पक्कं काम. किंवा फरशी तशीच ठेवून, पाचरी मारून वर प्लाय टाकायचा. मग जमीन थोडी वर येणार आणि दारं खालून तासावी लागणार.

शौनक लगेच म्हणाला, फोडा. वर हसून म्हणाला, "बाबांना गवंड्याने चांगलंच गंडवलंय."

माझं डोकंच फिरलं. हे आता नाहीत, म्हणून काहीही बोलावं?

"गंडवलं नाही. तुझ्या बाबांनी गवंड्याच्या उरावर बसून तो ढाळ करून घेतलाय."

तेव्हा आम्ही इथे हेंद्रेपाड्यात नवे. मला घर धुवायची भारी हौस. सण आला की बादल्याच्या बादल्या ओतायच्या आणि खराट्याने पाणी ओढायचं. शौनकच्या बाळंतपणापासून कंबर धरलेली. हे आनंदनगरच्या कारखान्यातून यायचे, मला कंबरेवर हात ठेवून उभी बघायचे, बोलायचे काही नाहीत. गोड शब्द या माणसाच्या तोंडून निघेल तर शपथ. पण पुढे हॉलची फरशी घालताना गवंड्याला म्हणाले, पाणी आपलं आपण बाल्कनीत गेलं पाहिजे, हिला ओढायला लागता कामा नये. मी आतून ऐकलं. शेजारच्या अंजनीबाई हसल्या, हा हॉल आहे की मोरी म्हणून. हसू देत! दिवाळीआधी हॉलभर साबणाचं पाणी, त्यात शौनक बुडावर घसरत बाल्कनीपर्यंत जायचा, आणि हे सोफ्यावर पाय वर घेऊन पेपर वाचायचे. फार सुखाचे दिवस होते.

आता घर कुणी धुवत नाही, मॉप फिरतो. कळतं मला सगळं. तरी म्हटलं, "वर काय वाटेल ते घाल. ती फरशी फोडू नकोस रे."

शौनकने फरशीवरून पाय फिरवला. मग धर्मराजला म्हणाला, प्लाय टाका, दारं तासू. धर्मराज आतल्या दारांची मापं घ्यायला गेला, तेव्हा शौनक माझ्याजवळ येऊन बसला.

"आई, कंबर अजून दुखते का गं?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी तोंडाने विचारलं नव्हतं. दुखते रे, म्हटलं, आणि मला रडूच फुटलं.