मोळीवालीचे बटण

मित्रांनो, पिठाच्या वासात वाढलेले व्हिडिओ गेमचे यंत्र तुम्ही बहुधा पाहिले नसेल. मी तसे एक आहे. माझी काच आता अंधारी झाली आहे आणि एका बाजूचे प्लायवूड दमटपणाने फुगले आहे. पण माझ्या पुढच्या फळीवरची तीन बटणे अजून जागेवर आहेत. दोन लाल आहेत. तिसरे पांढरे आहे आणि ते दारावरच्या घंटीचे आहे. ते तिथे कसे आले, तेवढे मला सांगायचे आहे.

माझा जन्म उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये झाला. लछुभाई नावाच्या सिंधी मिस्त्रींनी मला जोडले. जुन्या टीव्हीची काच, एका बंद पडलेल्या यंत्राची पुढची फळी आणि परदेशातून आलेली एक हिरवी पाटी. त्या पाटीवर काळ्या चौकोनी चिप बसवल्या होत्या आणि त्यांत चार लढवय्ये राहत होते. वहीच्या पानाएवढ्या जागेत चार माणसे, त्यांचे चालणे, पडणे, त्यांच्यामागचे डोंगर आणि धबधबा कसा मावत असेल, याचे मला आजही नवल वाटते. माझ्या काचेमागे तर एकच किरण असे. तो डावीकडून उजवीकडे रेघ ओढी, जरा खाली येई, पुन्हा ओढी. हे तो इतक्या वेगाने करी की पाहणाऱ्याला रेघा दिसत नसत, माणूस दिसे.

पाटीतून आलेली एक पिवळी वायर मात्र उरली. लछुभाईंनी तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळली आणि तिला माझ्या पोटात तशीच सोडून दिली. ती कशासाठी होती, हे मलाही ठाऊक नव्हते.

पुढे मी अंबरनाथ पूर्वेला अण्णांच्या पिठाच्या गिरणीत आलो. दळण टाकायला आलेली मुले तासन्तास नुसती बसून असतात, त्यांचा वेळ जाईल, असा अण्णांचा हिशोब. पहिल्याच आठवड्यात माझ्या काचेवर पिठाचा थर बसला. अण्णा मुलांवर ओरडत, "अरे, हात पुसून बटणं दाब. कणीक मळायची आहे का त्याची?"

पडद्यावर उमटणारी अक्षरे परदेशी होती. ती कुणालाच वाचता येत नव्हती. त्यामुळे लढवय्यांची नावे काय आणि कुणात कोणती शक्ती, हे मुलांना खेळूनच शोधावे लागले. नावे त्यांनीच ठेवली. मोठा घण घेतलेला तो घणवाला. लांब पायांचा तो बगळा. ओंजळीतून पाण्याचा झोत सोडणारी ती पाणीवाली. चौथी एक म्हातारी होती. ती डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन वाकून चालायची. ती मोळीवाली.

दहावीतला जयदेव या शास्त्रातला मोठा माणूस समजला जाई. "घणवाला एक नंबर," तो म्हणे. "एक बसला की समोरच्याची वरची ताकदीची लाइन अर्धी साफ. फक्त गिरणी चालू असली की त्याची पॉवर डाउन होते."

गिरणीची मोटर सुरू झाली की विजेचा दाब उतरे आणि माझे चित्र चारी बाजूंनी आकसे. घणवाला लहान दिसे. म्हणून सगळी मुले मोटर थांबण्याची वाट पाहून मगच घणवाला घेत. कुणाची गव्हाची गोणी मोठी असली तर तिच्याकडे रागाने बघत.

हे खोडून काढले अंजनीने. ती आठवीत होती. आईने दिलेला दळणाचा डबा गिरणीत ठेवून ती माझ्यासमोर उभी राही. खेळे क्वचितच, बघे मात्र फार. एके दिवशी ती म्हणाली, "जयदेवदादा, मोटर चालू असताना एक घण मार. आता बंद असताना मार. समोरच्याची लाइन बघ कुठपर्यंत येते."

लाइन दोन्ही वेळा एकाच जागी आली.

"चित्र लहान होतं," अंजनी म्हणाली. "ताकद तेवढीच राहते."

"तू काय गिरणीची इंजिनिअर?" जयदेव म्हणाला. पण त्या दिवसापासून मोटर चालू असतानाही तो घणवाला घेऊ लागला.

मित्रांनो, शक्तीकडे असे बघता येते, हे मी त्या मुलीकडून शिकलो. ती एका वेळी एकच गोष्ट बदलत असे आणि काय होते ते पाही. घण वर गेला की खाली येईपर्यंत घणवाल्याला दुसरे काहीच करता येत नाही. बगळ्याचा पाय दूर पोचतो, पण अगदी जवळ आलेल्याला लागत नाही. पाणीवालीचा झोत दुखवत नाही, नुसता मागे ढकलतो. हे सारे माझ्याच पोटात होते आणि मला माहीत नव्हते.

मोळीवालीचे मात्र कोडे सुटेना. तिला पळता येत नसे. तिचा हात दोन वितींपलीकडे पोचत नसे. जो तिला घेई तो हरे. मुले तिला हसायची.

रविवारच्या बाजाराला सगुणाबाई येत. बदलापूरपलीकडच्या डोंगराकडच्या पाड्यावरून सरपणाची मोळी आणून त्या बाजारात विकत आणि जाताना अण्णांकडे तांदूळ दळून नेत. एकदा त्यांनी माझ्या काचेत डोकावून पाहिले.

"ही बाय मोली खाली का नाय ठेवीत?" त्यांनी विचारले. "मान मोडल ना तिची. आनि तुमी तिला मारता वर."

मुले खो खो हसली. अंजनी हसली नाही. "ठेवते ना," ती म्हणाली. "जाहिरातीत ठेवते."

कुणी खेळत नसले की मी आपणच खेळत राहतो. लढवय्ये येतात, थोडे लढतात आणि जातात. मुले याला जाहिरात म्हणत आणि तिकडे कुणी लक्ष देत नसे. मला तो वेळ स्वप्नासारखा वाटे. त्या स्वप्नात मोळीवाली थांबते, खाली बसते, मोळी जमिनीवर ठेवते. पुढे काही होण्याआधीच चित्र बदलते.

"जाहिरातीत काहीपण दाखवतात," जयदेव म्हणाला. "साबणाने माणूस गोरा होतो, तसं."

"पण ही याच मशीनच्या आतून येते," अंजनी म्हणाली. "आत असल्याशिवाय कशी दिसेल?"

मुलांना उत्तर नकोच होते. सगळे घणवालाच घेत आणि घणवाल्याशी घणवाला लढून कंटाळत. हळूहळू माझ्यासमोरची गर्दी सरली. तेव्हा अण्णांनी ठरवले की रविवारी लछुभाईंना बोलवायचे, हिरवी पाटी काढून टाकायची आणि गाड्यांच्या शर्यतीची बसवायची. जुनी पाटी भंगारात जाणार होती. तिच्याबरोबर ते डोंगर, धबधबा आणि चौघेही जाणार होते. मोळीवालीजवळ काय होते, ते कुणालाच कळणार नव्हते.

रविवारी लछुभाई पिशवी घेऊन आले. अंजनी आधीच येऊन बसली होती. दळणाचा डबाही आणला नव्हता. जयदेव होता आणि त्या दिवशी बाजारात मोळी विकून सगुणाबाईही आल्या होत्या.

"काका," अंजनीने विचारले, "याला आणखी एक बटण असतं का?"

लछुभाई माझे मागचे दार उघडत होते. ते थांबले. "असतं ना. तीन बटणचा गेम आहे. पण पॅनल मिळाला जुना, त्याला होल दोनच. मी बोललो, बच्चे लोक खेळणार, चालून जाईल."

"चालून गेलं?" अण्णा म्हणाले. "मी दोन बटणांचा खेळ वर्षभर चालवला?"

"साईं, कुणी तक्रार केली का?"

"मग तिसऱ्या बटणाची वायर अजून आत आहे?" अंजनीने विचारले.

लछुभाईंनी आत हात घातला. पिवळी वायर पिठाने माखली होती. त्यांनी चिकटपट्टी सोलली. "बेटा, मला वांगणीला जायचं आहे. तिकडे पण एक मशीन बंद पडलं आहे."

"एकच डाव. बटण नको. मी सांगेन तेव्हा हे टोक बाकीच्या बटणांच्या काळ्या वायरला लावा. बटणसुद्धा तेवढंच करतं ना?"

लछुभाईंनी अण्णांकडे पाहिले. अण्णा म्हणाले, "एकच. काही नाही झालं तर काढायची पाटी."

अंजनीने मोळीवाली घेतली, जयदेवने घणवाला. लछुभाई माझ्यामागे उकिडवे बसले. घण आला. मोळीवालीची लाइन अर्धी झाली.

"लावा," अंजनी म्हणाली.

वायरला वायर टेकली. मोळीवाली जरा थबकली आणि तशीच उभी राहिली. बाकी काहीच झाले नाही.

"बघ," जयदेव म्हणाला, पण हळू आवाजात. बाजूने आणखी एक लहान फटका बसला. लाइन बोटाच्या पेराएवढी उरली. पुढचा घण शेवटचा ठरणार होता. अंजनीने डोळे क्षणभर मिटले. ती ते स्वप्न आठवत असावी. तिथे मोळीवाली आधी बसते, मग मोळी ठेवते.

तिने बटणांशेजारचा दांडा खाली ओढून धरला. म्हातारी बसली. घण वर गेला.

"आता लावा."

मोळीवालीने दोन्ही हात वर नेले आणि मोळी उतरवून जमिनीवर ठेवली. मग ती उभी राहिली. मित्रांनो, ती ताठ उभी राहिली. इतके दिवस आम्ही तिला वाकलेलीच पाहिली होती. ती घणवाल्यापेक्षा उंच होती. घण खाली आला तेव्हा ती तिथे नव्हती. ती वाऱ्यासारखी त्याच्यामागे गेली होती आणि तिच्यामागे तिच्याच पुसट आकृत्या उमटत होत्या. माझ्या किरणाने जन्मात कधी असे काही रेखाटले नव्हते. हे माझ्यात होते. पहिल्या दिवसापासून होते.

अण्णांनी गिरणीची मोटर बंद केली. चित्र फुलून पडदाभर झाले.

जयदेवने बटणांवरून हात काढून घेतले.

"खेळ ना," अंजनी म्हणाली.

"थांब. नुसतं बघू दे."

लछुभाई मागून उठून पुढे आले. वायरी हातात नव्हत्या, तरी मोळी खालीच होती. त्यांनी हजार वेळा असे खेळ जोडले असतील; पण ते अंजनीच्या खांद्यावरून बघत राहिले आणि वांगणीचे नावही काढले नाही.

"ठेवली बाय एकदाची," सगुणाबाई म्हणाल्या आणि नकळत स्वतःची मान चोळली.

पाटी गेली नाही. लछुभाईंनी माझ्या फळीला तिसरे भोक पाडले. पिशवीत लाल बटण नव्हते, म्हणून घंटीचे बसवले. नंतर कितीतरी वर्षे गिरणीत दळणापेक्षा मोळीवालीचीच रांग मोठी असे. पुढे घरोघरी टीव्हीला जोडायचे छोटे खेळ आले, मुले पांगली, माझी काच थकली आणि मी गोण्यांमागे सरकलो. त्याचे फार दुःख नाही. वर्षातून एकदा अंजनी येते. ती आता महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. ती पीठ झाडते आणि माझे मागचे दार उघडून वायरी तपासते.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, कुठेतरी कोपऱ्यात कुणी असे असेल, ज्याला काही जमत नाही असे सगळे म्हणतात. त्याला हसण्याआधी त्याचे मागचे दार एकदा हळूच उघडून बघा. एखादी वायर लावायचीच राहिलेली असेल. आणि कधी अण्णांच्या गिरणीत आलात तर हात पुसून माझ्या बटणांना हात लावा. लाल दोन्ही अजून चकचकीत आहेत. घंटीचे मात्र बोटांनी घासून मधोमध खोल गेले आहे.