न दाबलेल्या पिना

नरहरी पेडणेकरांना आयुष्यात दोनच गोष्टींचा अभिमान होता. एक, आपल्या नाण्यांचा. दुसरा, आपल्याला कोणी फसवू शकत नाही याचा. पहिला अभिमान खरा होता.

रविवारी सकाळी त्यांच्या गोखिवऱ्याच्या फ्लॅटमध्ये डायनिंग टेबलावर जुनी चादर अंथरली जाई आणि नाणी बंद करण्याचा सोहळा सुरू होई. सोहळाच म्हणायचा, कारण तेवढा वेळ घरात मिक्सर लावायलाही बंदी असे. चौकोनी पुठ्ठा, त्याच्या मधोमध गोल खिडकी, खिडकीला पातळ प्लास्टिक. नाणं कडेला धरून खिडकीत ठेवायचं, पुठ्ठा त्यावर दुमडायचा, उघड्या तिन्ही बाजूंना स्टेपलरची पिन मारायची. पण खरी मेख पुढे होती. पिनेचे पाय मागून पक्कडीने दाबून अगदी सपाट करायचे. डब्यात पुठ्ठे एकमेकांना खेटून उभे राहतात; एखादी पिन वर राहिली की शेजारच्या खिडकीत घुसून नाण्यावर ओरखडा काढते. पक्कड फिरवल्याशिवाय नरहरींचा पुठ्ठा डब्यात गेला असं कधी झालं नाही.

हे काम दोघांचं. नाणं मधोमध ठेवून पुठ्ठा मिटून धरायचा सिप्रियनने, पिन मारायची नरहरींनी. सिप्रियन लोपीस हा त्यांचा मुंबईच्या ऑफिसातला जोडीदार. टेबलाला टेबल लावून दोघांनी नोकरी काढली आणि पाठोपाठ निवृत्त झाले. सिप्रियनची नंदाखालला केळीची वाडी. तो चर्चमध्ये मिस्सा आटोपून स्कूटरवरून यायचा आणि नरहरींच्या बायकोच्या, सुशीलाबाईंच्या हातचे पोहे खाऊन, हात साबणाने धुऊन, टेबलाशी बसायचा.

डब्यातलं सगळ्यात लाडकं नाणं त्यानेच दिलेलं. वाडीतलं बावखल, म्हणजे शिंपण्याचं तळं, उपसताना गाळात सापडलेलं, पोर्तुगीजांच्या वेळचं चांदीचं नाणं. एका बाजूला क्रूस, आणि सगळ्या अंगावर दाट काळी झाक. "माझ्याकडं राहिलं तर कोंबड्या खातील. तू ठेव," म्हणून त्याने ते नरहरींच्या हातावर ठेवलं होतं. नरहरी त्या काळेपणावर जीव टाकत. नाणं पुसलं की त्याचं वय गेलं, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत.

दोन हजार दोनची दिवाळी झाली. पुढच्या रविवारी सिप्रियन गावातल्या लग्नाला गेला होता, म्हणून नरहरींनी एकट्यानेच डबा उघडला. क्रूसाचा पुठ्ठा काढायला गेले तर बोटाला टोचलं. पिनेचे पाय वर आलेले. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं. पिनांच्या शेजारी जुन्या पिनांची रिकामी भोकं होती. आणि खिडकीतलं नाणं नव्या वाटीसारखं चकाकत होतं.

कुणीतरी पुठ्ठा उघडून खरं नाणं लांबवलं होतं आणि त्या जागी नक्कल बसवली होती! उघडून निरखावं, वजन करावं, हे त्यांच्या मनात आलं. पण पुराव्याला हात लावू नये एवढं त्यांना टीव्हीवरच्या मालिकांनी शिकवलं होतं. त्यांनी पुठ्ठा पाकिटात घातला आणि घरात अवाक्षर काढलं नाही. बोभाटा झाला की चोर सावध होतो.

मग तपास सुरू झाला. कामवाली बाई दिवाळीला गावी गेलेली, ती सुटली. मुलगा प्रणव नाण्याचा उपयोग फक्त पीसीओच्या फोनसाठी करणारा, तोही सुटला. राहिलं कोण? पाडव्याला फराळाला सिप्रियन आला होता. मध्येच नरहरींना मेहुण्याचा फोन आला आणि ते आतल्या खोलीत बोलत बसले. तेवढा वेळ सिप्रियन आणि डबा एकाच खोलीत होते.

त्यांच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. पण सिप्रियन असता तर त्याने पिना दाबल्या नसत्या का? त्याला तर सगळी रीत ठाऊक. नरहरींनी यावर रात्रभर कूस बदलली आणि पहाटे उत्तर काढलं: म्हणूनच दाबल्या नाहीत! आपल्यावर संशय येऊ नये म्हणून मुद्दाम उभ्या ठेवल्या. आता सांगा, अशा माणसापुढे निर्दोष कोण ठरणार? मग एकेक आठवायला लागलं. परवा तो नाण्यांच्या कुणा जाणकाराबद्दल बोलत होता. निघताना फराळाचा डबा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. लग्नाचं निमित्तही नेमकं याच रविवारी. सुतावरून स्वर्ग गाठायचा म्हटला की सूत कुठेही सापडतं. सुशीलाबाईंना विचारावं, हे मात्र त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

सोमवारी ते रिक्षाने नंदाखालला गेले. सिप्रियन ओट्यावर केळीचे घड पुसत होता.

"अरे, तू? ये, ये! आज काय विशेष?"

नरहरींनी पाकीट त्याच्यापुढे धरलं. "हे तू मला दिलेलं नाणं आहे?"

सिप्रियनने पाहिलं. "क्रूस तर तोच दिसतो. पण एवढं साफ कसं झालं?"

"तेच मी तुला विचारतोय. पाडव्याला मी आत होतो तेव्हा तू बाहेर काय करत होतास?"

सिप्रियनला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा हातातलं फडकं त्याने हळूच खाली ठेवलं. "नरहरी, मीच दिलेलं नाणं मी चोरीन?"

"दिलं तेव्हा किंमत कळली नसेल. आता कळली असेल."

"वहिनींना विचारलंस?"

"घरच्या माणसांना कशाला विचारू?"

सिप्रियनचा चेहरा उतरला. तो भांडला असता तर नरहरींना बरं वाटलं असतं. तो फक्त म्हणाला, "बरोबर हाय. मी घरचा नाय." आणि पुन्हा केळी पुसायला लागला.

नरहरी घरी आले ते रागातच. त्यांनी पाकीट टेबलावर आपटलं आणि पुठ्ठा बाहेर घसरला. भाजी निवडणाऱ्या सुशीलाबाई तो पाहून खुलल्या.

"पाहिलीत का? कशी लखलखली बघा!"

नरहरींनी पुठ्ठा उचलून पुन्हा खिडकीत पाहिलं.

"देव्हाऱ्यातला चांदीचा रुपया तुम्ही पुठ्ठ्यात कोंडलात नि बँकेच्या लॉकरात नेऊन ठेवलात," बाई सांगत होत्या. "मग लक्ष्मीपूजनाला ताटात ठेवू काय? म्हटलं, भावजींच्या वाडीतली ही जमिनीतून आपणहून वर आलेली, हिच्याहून चांगली लक्ष्मी कुठली? पण काळी कशी पूजायची? दंतमंजनाने घासली, पंचामृताने न्हाऊ घातली, कुंकू वाहिलं. तुम्ही करता तशाच पिनाही मारल्या परत."

"मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर दिली असती?" मग त्यांनी सहज विचारलं, "भावजींना दाखवली का? त्यांना केवढा आनंद होईल."

काखेत कळसा नि गावाला वळसा, असं लोक हसत म्हणतात. नरहरींना हसू आलं नाही. नाण्याचं वय गेलं याचं दुःख करायचंही त्यांना सुचेना. आपण काय बोलून आलो ते शब्द न् शब्द आठवत होतं आणि लाजेने कान तापले होते. त्याच संध्याकाळी ते परत नंदाखालला गेले. ओट्याखालीच उभे राहून त्यांनी सगळं सांगितलं आणि हात जोडले. सिप्रियनने ते हात खाली केले. दंतमंजनाचं ऐकून तो पोट धरून हसला. "वहिनींनी क्रूसाला कुंकू लावलं? फादरना सांगायला पाहिजे!" त्याने चहा पाजला, केळ्यांची फणी बांधून दिली. नरहरींच्या छातीवरचा धोंडा उतरला.

रविवारी मिस्सा आटोपून सिप्रियन नेहमीसारखा आला. पोहे खाल्ले, सुशीलाबाईंची थट्टा केली, टेबलाशी बसला. नरहरींनी उत्साहाने नवा पुठ्ठा उघडला आणि एक नाणं कडेला धरून त्याच्यापुढे केलं.

सिप्रियनने दोन्ही हात टेबलाखाली नेले.

"तूच ठेव," तो मायेने म्हणाला. "मधोमध आलं की मी इथून सांगतो."